पंखा एकवर

परभणी हे काही थंड हवेचे ठिकाण नव्हे, आणि तसे ते व्हावे अशी कोणाची दरखास्तही कुठल्या दफ्तरी पडून नाही. वैशाखात पारा पंचेचाळिसाच्या घरात जाऊन बसला, की स्टेशनापासून गांधी पार्कापर्यंतच्या रस्त्यावर भर दुपारी जो कोणी दिसेल तो एक तर वेडा असतो, नाही तर नुकताच बदलीवर आलेला असतो. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही म्हण अशाच एखाद्या बदलीवाल्याने मे महिन्यात केली असावी, असा माझा तर्क आहे. कारण डिसेंबरात रुजू झालेल्या माणसाचे दात एकमेकांवर आपटत असताना इतके यमकबद्ध वाक्य त्याच्या मुखातून अखंड बाहेर पडणे शरीरशास्त्राच्या दृष्टीने दुर्घट दिसते.

उन्हाची ख्याती असलेल्या ह्याच गावाचे नाव मार्गशीर्ष उजाडताच वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर थंडीच्या मथळ्यात झळकू लागावे, हा दैवाचा विनोद म्हटला पाहिजे. एरवी आमच्या जिल्ह्याला पहिल्या पानावर जागा मिळायची तर दुष्काळ तरी पडावा लागतो, नाही तर गोदावरीला पूर तरी यावा लागतो. परंतु ‘महाबळेश्वराहून परभणी थंड’ एवढे तीन शब्द छापून आले, की चौकात तुराट्यांची शेकोटी करून बसलेल्या मंडळींच्या मुद्रेवर असे काही समाधान पसरते, की जणू ती थंडी त्यांनी स्वतः खपून, खतपाणी घालून पिकवली आहे. २०१८ च्या डिसेंबरअखेर कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत पारा दोन अंशांच्या आसपास उतरला, तेव्हा तर आमच्या गल्लीत पेढे वाटायचेच काय ते बाकी राहिले होते. विद्यापीठाचा आकडा निराळा आणि सरकारी हवामान खात्याचा निराळा असे पुष्कळदा होते. मग शेकोटीभोवती तत्काळ दोन पक्ष पडतात, परंतु साक्षीपुराव्याअंती फैसला नेहमी कमी आकड्याच्या बाजूने होतो, कारण गावाची अब्रू दशांशातदेखील वाढत असेल तर ती सोडणारा माणूस परभणीकर नव्हे.

वास्तविक ह्यात आमचा पराक्रम काहीच नाही. समुद्र शेकडो मैल दूर, हवा कोरडी, आकाश धुतल्यासारखे निरभ्र. अशा स्थितीत काळ्या रानाने दिवसभर साठवलेली ऊब सूर्यास्तानंतर सरळ वर निघून जाते आणि तिला अडवायला ढगाचा एक तुकडाही वाटेत उभा नसतो. ढग आले की हीच थंडी एका रात्रीत फरारी होते, हे कोणत्याही शेतकऱ्याला विचारावे. ती मोजण्याची व्यवस्था मात्र मोठी साक्षेपी आहे. १९७२ साली स्थापन झालेल्या आणि २०१३ पासून वसंतराव नाईकांचे नाव धारण करणाऱ्या आमच्या कृषी विद्यापीठाच्या विस्तीर्ण आवारात, मोकळ्या जागेत, जमिनीपासून सुमारे चार फुटांवर झडपांची एक पांढरी लाकडी पेटी उभी आहे. ही पेटी मुळात ज्याने काढली तो टॉमस स्टीव्हन्सन नावाचा स्कॉटलंडातील दीपगृहे बांधणारा स्थापत्यकार होता. त्याच्या चिरंजिवांनी खजिन्याच्या बेटाची गोष्ट लिहून जगभर नाव काढले, आणि बाप बिचारा पांढऱ्या पेटीच्या रूपाने गावोगाव उन्हात आणि गारठ्यात उभा राहिला. पेटीत एक तापमापक आडवा निजलेला असतो. त्यातील मद्यार्क थंडीने आक्रसू लागला, की आत तरंगणारी एक इवलीशी काडी तो आपल्याबरोबर मागे ओढत नेतो, आणि पहाटेनंतर पुन्हा ऊब वाढली तरी ती काडी जिथे पोचली तिथेच, निरीक्षक येऊन नोंद करीपर्यंत, तळ ठोकून राहते. इतक्या प्रामाणिक साक्षीदाराला माझ्या पस्तीस वर्षांच्या महसूल खात्याच्या नोकरीत मी एकदाही भेटलो नाही.

पण त्या पेटीत कोणी निजत नाही. गावाचे तापमान जगजाहीर, सही-शिक्क्यानिशी प्रसिद्ध. आणि त्या गावातील माणूस स्वतः किती अंशांत निजतो, ह्याची मात्र कोठल्याही दफ्तरात नोंद नाही. हा प्रश्न मला स्वतःला कधी पडला नसता. तो आमच्या घरात देवगिरी एक्स्प्रेसने आला.

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही घोषणा आमच्याकडे पोरेसोरेही देतात. ह्या दोन महासत्तांमध्ये दळणवळण सुरू करण्याचे काम आमच्या चिरंजिवांनी केले, म्हणजे तो नोकरीनिमित्त जर्मनीत गेला, आणि गेल्या डिसेंबरात सून आणि सात वर्षांचा नातू ह्यांना घेऊन तीन आठवड्यांच्या रजेवर आला. येताना त्याने चॉकलेटे आणली, आजीसाठी लोकरीचे मोजे आणले, आणि तळहाताएवढे एक पांढरे यंत्र आणले, ज्यावर खोलीचे तापमान दशांशासह उमटते. हे यंत्र टांगायला भिंतीत दुसरा खिळा नसल्यामुळे त्याने बैठकीतील दिनदर्शिका काढून खुर्चीवर ठेवली आणि तिच्या खिळ्यावर त्याची प्रतिष्ठापना केली. माझ्या मातोश्रींनी ऐंशी पावसाळे पाहिले आहेत आणि तितकेच हिवाळेही. त्यांच्या नजरेतून ही गोष्ट सुटणे शक्यच नव्हते.

“काय लावलंस रे ते खिळ्यावर? तिथी कुठं बघू मी आता?”

“आजी, घरात किती थंडी हाय ते कळतं त्यात.”

“थंडी वाजायली का न्हाई, हे तुला त्याला इचारावं लागतं व्हय?”

ह्या प्रश्नाला चिरंजिवांकडे उत्तर नव्हते. परंतु कायदा होता. जर्मनीत म्हणे भाड्याच्या घरात हिवाळ्यात दिवसा वीस-बावीस अंश आणि रात्री अकरापासून सकाळी सहापर्यंत निदान अठरा अंश ऊब राहील ही घरमालकाची जबाबदारी समजली जाते, आणि त्यात कसूर झाली तर भाडेकरू भाडे कापून देऊ शकतो. हे ऐकून मी क्षणभर स्तब्ध झालो. तरुणपणी ज्या घरमालकाच्या दोन खोल्यांत मी संसार मांडला होता, त्याच्याकडे नळाला पाणी येत नाही अशी तोंडी तक्रार केल्यावर त्याने मला नळाची तोटीच काढून दिली होती. त्या गृहस्थाकडे मी अठरा अंशांचा तगादा लावला असता तर काय झाले असते ह्याची कल्पना करण्यात माझा तो सबंध दिवस आनंदात गेला. बरे, हे अठरा अंश म्हणजे केवळ जर्मनांची लहर म्हणावी, तर जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१८ साली, म्हणजे आमची परभणी दोन अंशांना टेकली त्याच वर्षी, थंड मुलुखातील घरांसाठी किमान ऊब म्हणून हाच अठराचा आकडा सांगितला आहे. मात्र थंडीच्या दिवसांत राष्ट्रावर बाका प्रसंग आला, की मोठमोठी राष्ट्रेही ह्या आकड्यांत घासाघीस करू लागतात. २०२२ साली गॅसची टंचाई पडली तेव्हा जर्मन सरकारने सरकारी कचेऱ्या एकोणीस अंशांपलीकडे तापवायच्या नाहीत असा हुकूम काढला. आणि त्याच्याही पूर्वी, २ फेब्रुवारी १९७७ रोजी, अमेरिकेचे नवे अध्यक्ष जिमी कार्टर लोकरीचा कार्डिगन अंगात घालून दूरचित्रवाणीवर आले आणि त्यांनी प्रजेला दिवसा पासष्ट आणि रात्री पंचावन्न अंशांवर भागवण्याची विनंती केली. हे अंश फॅरनहाइटचे. पंचावन्न फॅरनहाइट म्हणजे आपले पावणेतेरा. ज्या आकड्याला अमेरिकेच्या अध्यक्षांनी राष्ट्रासाठी त्याग म्हटले, त्या आकड्याला आमची माणसे पौषात ‘आज जरा उबदार हाय’ म्हणतात.

पहिल्या रात्री दहा वाजता यंत्राने १९.४ दाखवले. चिरंजीव संतुष्ट होऊन निजले. पहाटे साडेपाचला मी उठलो तेव्हा ते बैठकीच्या मधोमध, डोक्याला मफलर, पायात आजीचे नवे मोजे आणि अंगावर दोन स्वेटर अशा वेषात उभे राहून मोबाइलच्या उजेडात खिळ्याकडे पाहत होते. आकडा १४.८ होता.

“बाबा,” तो अत्यंत गंभीरपणे म्हणाला, “तिकडं बाहेर उणे दहा असतं, पण मला सहा वर्षांत थंडी म्हणून वाजली न्हाई. इथं वाजायली.”

ह्यात खोटे काही नव्हते. थंड देशातील माणूस थंडीला दाराबाहेर उभी करतो. आमच्याकडे ती पाहुणीसारखी घरात येते, प्रत्येक खोलीत हिंडते आणि फरशीवर मुक्कामाला राहते. घराच्या बांधणीचाही ह्यात मोठा हात आहे. माझे लहानपण गंगाखेडकडच्या एका खेड्यात माळवदाच्या घरात गेले. त्याच्या भिंती पांढऱ्या मातीच्या आणि इतक्या रुंद होत्या, की खिडकीच्या कोनाड्यात मी मांडी घालून अभ्यासाला बसत असे. डोक्यावर लाकडी तुळयांवर हातभर माती, आणि उजेडाला वर एक सानं. दिवसभर खाल्लेले ऊन त्या भिंती लगेच पचवीत नसत. ते सावकाश आत झिरपे आणि मध्यरात्रीच्या सुमारास आमच्या अंथरुणापर्यंत पोचे, जसे एखाद्या जुन्या वळणाच्या कचेरीत सकाळी दिलेला अर्ज बरोबर हव्या त्या टेबलावर हव्या त्या वेळी पोचतो. उन्हाळ्यात हाच विलंब उलट्या कामी येई. ते घर पाडून आम्ही शहरात विटांचे आणि स्लॅबचे पक्के घर बांधले, आणि पक्के ह्या शब्दाचा अर्थ मला पहिल्याच हिवाळ्यात कळला: स्लॅब उन्हाळ्यात पक्का तापतो आणि हिवाळ्यात पक्का गार पडतो.

सुनेने सकाळी चहा घेताना हीटरची तजवीज सुचवली, आणि दुपारपर्यंत तो आलाही. दोन हजार वॉटचा, लाल जाळीचा, मोठा देखणा. रात्री साडेनऊला तो लावला, नऊ चाळीसला कोणी तरी न्हाणीघरातला गीझर लावला, आणि नऊ एकेचाळीसला आमच्या घरातील सर्व दिवे एकमताने गेले. मेन स्विचपाशी बॅटरी धरून फ्यूजची तार गुंडाळताना माझी बोटे इतकी गारठली होती, की ती शेकायला म्हणून मी मनात पहिल्यांदा हीटरचाच विचार केला. त्यानंतर हीटर खोक्यात गेला. शेगडीत निखारे घालून खोलीत ठेवावेत अशी दुसरी सूचना निघाली, ती मात्र आईने ऐकताक्षणी फेटाळली. कोंडलेल्या खोलीत शेगडी ठेवून निजलेली माणसे सकाळी उठत नाहीत, हे तिने आपल्या डोळ्यांनी पाहिलेले होते. त्या विषारी वायूला वास नसतो आणि तो माणसाला जागही येऊ देत नाही. तेवढ्यापुरती त्या रात्री घरातील थट्टा थांबली.

आता मूळ मुद्द्याकडे, म्हणजे पंख्याकडे, येतो.

आमच्या सौभाग्यवती रजई नाकापर्यंत ओढून, कानाला पदर गुंडाळून, पायात मोजे घालून, आणि डोक्यावरचा पंखा एकवर ठेवून निजतात. हे वाक्य ज्यांना विसंगत वाटेल ते परभणीचे नव्हेत, किंबहुना ते विवाहितच नव्हेत. चिरंजिवांनी हा प्रकार पाहिला तेव्हा, तिकडे उच्च तंत्रविद्येचे शिक्षण घेतलेला तो मुलगा, काही वेळ दारातच उभा राहिला. त्याच्या मते हे म्हणजे चुलीवर आधण ठेवून त्यात बर्फ टाकण्यासारखे होते. सौभाग्यवतींची कैफियत अशी, की गल्लीतील नाली उघडी असल्यामुळे डिसेंबरातही डास असतात; पंखा नसेल तर हवा कोंडते; आणि पंख्याची घरघर नसेल तर झोप लागत नाही, कारण मग माझी ऐकू येते. ह्यातील शेवटचे कलम चिरंजिवांनी कुठलीही उलटतपासणी न करता मान्य केले.

सूक्ष्मपणे पाहता, आमच्या घरात तापमान अंशांत मोजण्याची वहिवाटच नाही. ते पंख्याच्या आकड्यांत मोजले जाते. भिंतीवर तपकिरी रंगाचा एक जुना रेग्युलेटर आहे. त्यावरचे आकडे अंगठ्यांनी पुसून गेले असून बटण एक आणि दोन ह्यांच्या मध्ये अडकले तर पंखा पितृपक्षातल्या कावळ्यासारखा तक्रार करतो. दिवाळीपर्यंत तीन, कार्तिकात दोन, मार्गशीर्ष-पौषात एक. महाशिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत गेली की पुन्हा दोन, होळी जळाली की तीन, आणि त्यानंतर पाच, ज्याच्या पुढे आकडा नसल्यामुळे देवाचे नाव. ‘बंद’ हा आकडा आमच्या घरात फक्त वीज गेल्यावर येतो. आणखी एक गंमत चिरंजिवांनीच मला दाखवली: ह्या जुन्या पद्धतीचा रेग्युलेटर पंख्याला वीज कमी देतो म्हणजे उरलेल्या विजेपैकी बरीचशी स्वतःच्या पोटात जाळून गरम होतो. मी हात लावून पाहिला. खरोखरच कोमट होता. दोन हजार वॉटचा हीटर खोक्यात पडलेला असताना आमच्या निजायच्या खोलीत ऊब देणारी एकमेव वस्तू पंखा चालवीत होती.

पंख्याचा तंटा चव्हाट्यावर आल्यामुळे रजईचाही निघाला. आम्हां पतिपत्नींची रजई एक आहे. मानवतच्या बाजारातून आणलेल्या कापसाची, पिंजाऱ्याकडून दर दोन-तीन वर्षांनी पिंजून घेतलेली ही रजई अडतीस वर्षे आमच्या समाईक कब्जात असून तिच्या हद्दीची आजतागायत मोजणी झालेली नाही. रात्री निजताना दोन्ही खातेदारांचा हिस्सा निम्मा-निम्मा असतो. बारानंतर पूर्वेकडून अतिक्रमण सुरू होते. तीनच्या सुमारास पश्चिमेकडील खातेदार, म्हणजे मी, बांधावर येतो. आणि पहाटे माझ्या नावावर फक्त एक कोपरा उरतो, ज्यावर माझा वहिवाटीचा हक्क आहे असे मी मानतो. माझी हरकत सकाळी नोंदवली जाते आणि पुराव्याअभावी फेटाळली जाते, कारण पूर्वेकडील खातेदार त्या वेळी झोपेत असतो. ह्यावर चिरंजिवांनी सांगितले, की जर्मनीत एका पलंगावर निजणाऱ्या नवराबायकोच्याही दुलया अगदी निरनिराळ्या असतात.

“निरनिराळ्या?” सौभाग्यवती म्हणाल्या. “मग भांडायचं कशावरून?”

मला ही व्यवस्था मनातून अत्यंत पसंत पडली; परंतु अडतीस वर्षांनी वाटणीचा दावा लावणे शोभत नाही, म्हणून मी गप्प राहिलो.

ह्या सुमारास चिरंजिवांनी शास्त्राचा आधार घेतला. कोपनहेगनकडच्या फँगर नावाच्या एका डेन्मार्कच्या प्राध्यापकाने शेकडो माणसांना बंद खोल्यांत बसवून, त्यांचे कपडे, हालचाल, वारा, दमटपणा ह्या सर्वांचा हिशेब मांडून, १९७० साली माणसाच्या सुखाचे एक समीकरणच प्रसिद्ध केले. त्यात कपड्यांच्या उबेलाही एक माप आहे. त्याला क्लो म्हणतात, आणि एकवीस अंशांच्या खोलीत स्वस्थ बसलेल्या माणसाला बरे वाटावे एवढे कपडे म्हणजे एक क्लो. मला त्या प्राध्यापकाविषयी आदर वाटला तो त्याच्या अखेरच्या निष्कर्षामुळे: सर्व काही अगदी जमून आले, समीकरण तंतोतंत सुटले, तरीही शंभरात पाच माणसे नाराजच राहतात. ह्या गृहस्थाने एकत्र कुटुंब पाहिलेले नसावे. आमच्या घरी माणसे सहा होती आणि सहाही नाराज होती; आईला दार उघडे नको, मला खिडकी बंद नको, सुनेला फरशी नको, चिरंजिवांना चौदा नको, सौभाग्यवतींना पंख्याविषयी चर्चा नको, आणि नातवाला कोणत्याही परिस्थितीत निजणेच नको.

तथापि समीकरणात एक वस्तू बसेना, ती आमच्या आईची वाकळ. गोधडी म्हटले की शहरी वाचकाला प्रदर्शनात टांगलेली रंगीत कलाकृती आठवते. वाकळ ही टांगण्याची वस्तू नव्हे, ती अंगावर आली की माणूस सरळ जमिनीला टेकतो. आईच्या वाकळीला वरून जांभळ्या नऊवारी लुगड्याचे नेस आहे, ते आता पार विटले आहे. त्याखाली माझ्या वडिलांची दोन धोतरे, त्याखाली कोणाकोणाची लुगडी, बाळंतपणातील दुपटी, आणि मधोमध एका ठिकाणी माझ्या शाळेच्या खाकी चड्डीचा चौकोन. ह्या सर्व थरांतून हाताने घातलेला पांढरा धावदोरा कडेकडेने आत, आतून अधिक आत, अशा चौकटी करीत मधल्या त्या चौकोनापाशी येऊन थांबतो. उन्हात घातली की तिला धुरकट, किंचित कापरासारखा वास येतो. वजन मी कधी केले नव्हते. क्लो किती, हे तर प्राध्यापक फँगर हयात असते तरी त्यांना सांगता आले नसते, कारण त्यांना वाकळीसोबत आईलाही खोलीत बसवावे लागले असते आणि तिने खोलीचे दार बंद का, असे त्यांना विचारले असते. दार उघडे असते तर उघडे का, असे विचारले असते.

आमच्या मुक्कामी मंडळींचा तंटा एका रात्री नातवाने सोडवला. आता सोडवला म्हणण्यापेक्षा त्याने तो एका बाजूने उघडा पाडला. सर्व मोठी माणसे बैठकीत बसून अठरा की सोळा, पंखा की गुडनाइट, ह्यावर तावातावाने बोलत असताना त्याने खुर्चीवर चढून खिळ्यावरचे यंत्र काढले आणि थोरल्या आजीच्या वाकळीत, तिच्या कुशीशी, सरकवून दिले. आजी जागी होती. तिने काहीही विचारले नाही, कारण नातवाने अंथरुणात काय आणून ठेवावे ह्याविषयी तिने विचारणे केव्हाच सोडून दिले आहे. अर्ध्या तासाने त्याने ते बाहेर काढले. खोलीत साडेपंधरा अंश होते. यंत्रावर ३१.९ होते.

चिरंजीव उठून उभे राहिले. पुढच्या दीड तासात त्या पोराने हे यंत्र घरातील एकूण एक पांघरुणात नेऊन ठेवले आणि शाळेच्या वहीत आकडे लिहिले: आईबाबांची रजई ३२.३, उरुसातून आणलेले माझे जुने ब्लँकेट ३१.४, आणि सौभाग्यवतींची रजई, पंखा एकवर असताना, ३२.१. मग चिरंजिवांना आठवले, की निद्रेच्या शास्त्रज्ञांनीही हीच गोष्ट नोंदवलेली आहे: निवांत निजलेल्या माणसाच्या पांघरुणातील हवा बत्तीस अंशांच्या आसपास असते, खोली अठरा अंशांची असो की चौदाची, पांघरूण कमीजास्त करून, पाय बाहेर काढून, कूस बदलून माणूस झोपेतही आपली बत्तिशी सांभाळून असतो. म्हणजे जर्मनीतील दुलईत आणि आईच्या वाकळीत हवामान एकच. आमचा सगळा वाद चालला होता तो पांघरुणाबाहेर उरणाऱ्या नाकाच्या हवेचा. बाकीचा माणूस रात्रभर कोकणात असतो, नाक तेवढे परभणीत.

“मग पंखा बंद केला तरी चालेल की, आजी,” नातू वही मिटत म्हणाला.

“नको,” सौभाग्यवती म्हणाल्या. “चांगले बत्तीस आहेत. राहू दे एकवरच.”

जर्मन पक्षाने त्यानंतर अठरा अंशांची मागणी लेखी अथवा तोंडी पुन्हा केली नाही. चिरंजीव शेवटच्या चार रात्री आजीच्या खोलीत, जमिनीवर, त्या वाकळीच्या उरलेल्या अर्ध्यात निजले. त्या खोलीत पहाटे तेरा असत, आणि त्यांना उठवायला साडेआठ वाजता मला दोनदा जावे लागे. जाण्याच्या आदल्या दिवशी बॅगा वजनकाट्यावर चढल्या तेव्हा त्यांतील दीड किलो चिवडा, बाकरवड्या आणि मेतकूट बाहेर काढावे लागले. त्याची जागा, साडेतीन किलो वजन भरलेल्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत आवळून बांधलेल्या एका जांभळ्या गाठोड्याने घेतली. आईने स्वतःसाठी दुसरी काढली; तिच्याकडे अशा आणखी सहा आहेत, हे आम्हाला त्या दिवशी कळले.

देवगिरीच्या डब्यात त्यांना बसवून आम्ही परत आलो तेव्हा दिनदर्शिका आपल्या खिळ्यावर होती. नवे वर्ष लागले होते, म्हणून नवी. आईने यंत्र काढले नव्हते; परदेशातून आणलेली वस्तू फेकू नये एवढे व्यवहारज्ञान तिला आहे. तिने त्याच खिळ्यावर, त्याच्यावरून, दिनदर्शिका टांगली होती. हल्ली रात्री निजण्यापूर्वी मी बैठकीत जातो, जानेवारीचे पान उचलतो, बॅटरीच्या उजेडात आकडा वाचतो, पान खाली सोडतो, आणि खोलीत येऊन पंखा एकवर करतो.